मास्तरांचा घसा दुरुस्तीला आहे

गाडी शिकवणाऱ्या त्या मास्तरांना सगळं गाव 'भोंगा' म्हणायचं, आणि ही गोष्ट मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटायचं. मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. आतल्या आत त्यांना ते थोडं आवडायचंही. कारखान्याचा भोंगा वाजला की लोक घड्याळं लावतात, आपला आवाज आला की लोक रस्त्यातून बाजूला होतात. यात वाईट काय?

त्यांची पांढरी जुनी गाडी वळणावर दिसायच्या आधी ऐकू यायची.

"क्लच! क्लच म्हणालो मी! पाय आहेत की मुसळं?"

"आरसा कशाला दिलाय, भांग पाडायला?"

आणि अगदीच कुणी चढावर गाडी बंद पाडली की मास्तरांचं ठेवणीतलं वाक्य बाहेर यायचं. "तुमच्या जागी दगड बसवला असता ना, तर त्याला तरी उतार कळला असता!"

बत्तीस वर्षांत कितीजणांना शिकवलं याची मोजदाद नव्हती. काही रडले, काही दुसऱ्याच दिवशी गायब झाले, पण टिकले ते परवाना घेऊनच गेले. नव्या शिकाऊ माणसाला मास्तर आधी उजव्या हाताच्या मधल्या बोटावरचं टेंगूळ दाखवायचे. ट्रकवर शिकत असताना त्यांचे उस्ताद हातात पाना घेऊन बसत. गिअर चुकला की टक्कन बोटावर. "या टेंगळानं मला गाडी शिकवली," मास्तर सांगायचे. "मी मारत नाही, नुसता बोलतो. रस्ता शिव्या देत नाही बरं का. रस्ता सरळ उचलून नेतो. त्यापेक्षा माझ्या शिव्या खा."

यामागे एक गोष्ट होती, ती मात्र ते कुणाला सांगत नसत. सुरुवातीची दोन वर्षं मास्तरांचा आवाज चारचौघांसारखाच होता. त्या काळात चित्रकलेचे एक सर त्यांच्याकडे शिकले. फार सभ्य माणूस. इतक्या सभ्य माणसावर ओरडायचं कसं, म्हणून मास्तरही "जरा सावकाश घ्या सर" एवढंच म्हणत राहिले. परवाना मिळाल्यावर आठव्या दिवशी सरांनी उतारावरच्या भिंतीला गाडी नेऊन भिडवली. खुब्याचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणात. मास्तर भेटायला गेले तेव्हा सर उशीवरून हसून म्हणाले, "तुमची काही चूक नाही हो." घरी येईपर्यंत मास्तरांची खात्री पटली होती की चूक आपलीच आहे. दुसऱ्या दिवसापासून जो आवाज चढला तो चढलाच.

आणि तीस वर्षांनी, एका सकाळी, तो गेला.

बँकेतला एक कारकून गाडी मागे घेताना खांबाला लावणार होता. मास्तरांनी तोंड उघडलं आणि आतून गंजलेल्या बिजागरीचा आवाज आला. कारकून घाबरून त्यांच्याकडे बघत राहिला आणि गाडी खांबाला लागली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पडद्यावर मास्तरांना त्यांचा स्वतःचा घसा दाखवला.

"या दोन गाठी. आवाजाच्या दोन्ही पट्ट्यांवर, समोरासमोर."

मास्तरांचा चेहरा असा उतरला की बायकोनं पदराआड त्यांचा हात घट्ट धरला.

"तसलं काही नाही," डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या. "काम करून हाताला घट्टे पडतात ना, तसे ओरडून ओरडून आवाजाला पडलेत. तीन आठवडे पूर्ण मौन. शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही, तिनं जास्त ताण पडतो. बसल्या तर ठीक, नाहीतर छोटं ऑपरेशन."

बायकोनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. मग तिला जरा जोर आला. "डॉक्टर, तीनच आठवडे का? महिनाभराचं लिहून द्या ना. मी सांभाळीन."

शाळेच्या दारावर पाटी लागली. बायकोच्याच अक्षरात: 'मास्तरांचा घसा दुरुस्तीला आहे. तीन आठवडे शाळा बंद.' खाली कुणीतरी खडूनं लिहून गेलं, 'घाई नाही.'

*

शनिवारी लेक आली. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला घरात खारू म्हणत, आणि तिशी उलटली तरी नाव चिकटून राहिलं होतं. इस्पितळात ती रुग्णांना व्यायाम देण्याचं काम करायची. हाडं मोडलेली, अर्धांग झालेली माणसं पुन्हा चालती करायची.

बाबांच्या गळ्यात दोरीनं लटकवलेली पाटी आणि खिशात पेन्सिल बघून ती आधी खूप हसली. मग स्वयंपाकघरात आईजवळ ओट्याला टेकून तिनं हळू आवाजात तक्रार सुरू केली. मास्तर बाहेर बसून ऐकत होते. मुकं झाल्यापासून त्यांना ऐकू फार येऊ लागलं होतं.

"इस्पितळाची फिरती गाडी सुरू होतेय, आई. लांबच्या वस्त्यांवर घरोघर जाऊन व्यायाम द्यायचे. मी किती वर्षं मागे लागले होते त्यांच्या. आता माझं नाव निघालंय, पण गाडी स्वतः चालवता यायला हवी. चाचणीची तारीख अठ्ठावीस दिवसांवर आहे. नाही झाले पास, तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार."

"मग जा ना कुठेतरी शिकायला."

"गेले होते त्या दुसऱ्या शाळेत. चार दिवस. तो माणूस इतका गोड, इतका गोड! सारखं 'मस्त चाललंय मॅडम'. आणि डोळे मोबाईलमध्ये. चौथ्या दिवशी मी त्याला विचारलं, मागचं बघायला आरसा कुठला वापरू? तर म्हणतो, तुम्हाला जो आवडेल तो!"

बाहेरून खरखर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. मास्तर दारात येऊन उभे राहिले. पाटीवर लिहिलं होतं: 'मी शिकवतो.'

खारूनं आईकडे बघितलं, आईनं पाटीकडे.

कारण चौदा वर्षांपूर्वी मास्तरांनी शिकवलं होतं. अठरा वर्षांची खारू, भर चौकात गाडी बंद पडलेली, चारही बाजूंना वाहनं, आणि मास्तरांनी काच खाली असताना तिला दगडाचं ते वाक्य पूर्ण ऐकवलं होतं. पोरीनं हातब्रेक ओढला, किल्ली काढून समोर ठेवली, दार उघडलं आणि चालत घरी गेली. चार किलोमीटर. त्यानंतर थेट त्या दुसऱ्या शाळेतल्या चार दिवसांपर्यंत तिनं चाकाला हात लावला नव्हता. मास्तर मात्र ही गोष्ट प्रत्येक बैठकीत रंगवून सांगत. लोक पोट धरून हसत. खारू त्या वेळी उठून पाणी आणायला जायची.

आताही ती माठाकडे वळली. मग थांबली. पाटीकडे बघितलं, बाबांच्या गळ्याकडे बघितलं.

"आवाज कधी येणार म्हणाले?"

मास्तरांनी बोटांनी वीस आणि एक दाखवले.

"मग एकवीस दिवस शिकते," ती म्हणाली. "आवाज आला की मी गाडीतून उतरणार. पुढचे सात दिवस माझं मी बघीन. कबूल?"

"असा करार असतो का गं बापाशी?" आई म्हणाली.

"बापाशी नाही. भोंग्याशी."

मास्तरांनी पाटी पुसली आणि लिहिलं: 'कबूल.'

*

पहिल्या दिवशी कळलं की गाडी चालवताना पाटी वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी समोरच्या फळीवर बोटानं वाजवायला सुरुवात केली. एक टक म्हणजे हळू, दोन टक म्हणजे थांब. दहा मिनिटांत एका टकचा ढोल झाला.

"बाबा, हे ओरडणंच झालं ना! फक्त हातानं."

म्हणून तिसऱ्या दिवसापासून मास्तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसू लागले. मग त्यांचे श्वास सुरू झाले. गिअर चुकला की दातांतून 'स्स्स', वळण चुकलं की नाकातून 'हं'.

"नाकसुद्धा बंद ठेवायचं का मी?" त्यांनी घरी पाटीवर लिहून बायकोला विचारलं.

"ठेवून बघा," बायको म्हणाली. "घोरणंही थांबेल."

पुढची भानगड ब्रेकची. मास्तरांच्या पायापाशी दुसरा ब्रेक होता, शिकणाऱ्याच्या ब्रेकला तारेनं जोडलेला. मास्तरांनी इकडे दाबला की तिकडचाही आपोआप खाली जायचा, आणि तिकडून दाबला की इकडचा. सहाव्या दिवशी खारूनं गाडी कडेला घेतली.

"मी ब्रेकवर पाय ठेवायला जाते, तर तो आधीच खाली गेलेला असतो. मी दाबला की तुम्ही दाबला, मला कळतच नाही. जिन्याची पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं होतं."

मास्तर पायाकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? सांगायला मध्ये फट कुठे होती? त्या दिवसापासून ते पाय ब्रेकच्या वर बोटभर अंतरावर धरून ठेवू लागले. घरी आल्यावर पोटरीला गोळे यायचे. बायको तेल चोळता चोळता म्हणायची, "शिकतंय कोण नक्की?"

नवव्या दिवशी त्यांना ती गोष्ट दिसली.

खारू आता गाडी बंद पाडत नव्हती. हात स्थिर झाले होते. तरी प्रत्येक चौकाच्या अलीकडे काहीतरी अडकायचं. मास्तर नुसते बघत बसले होते, दुसरं काम नव्हतं, म्हणून दिसलं. चौक जवळ आला की खारूची मान किंचित वळायची. रस्त्याकडे नाही, आरशाकडे नाही. बाबांच्या तोंडाकडे. तोंड शांत दिसलं की पुढे जायची, भुवई हलली की पाय ब्रेकवर.

चौदा वर्षांपूर्वी चार-पाच दिवस शिकली होती पोर. तेवढ्यात हे शिकून घेतलं होतं.

मास्तरांना आपलं तोंड कुठे ठेवावं कळेना. पुढच्या चौकाच्या आधी त्यांनी सरळ मान फिरवली आणि बाजूच्या काचेतून बाहेर बघायला लागले.

"बाबा?" खारू गडबडली. "तिकडे काय आहे?"

मास्तर बाहेरच बघत राहिले. मागून त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं, आणि टकलावरून काही कळत नाही. गाडी चौकात अडखळली, थांबली, मागच्यानं हॉर्न दिला. खारूनं आरशात बघितलं. मग दोन्ही बाजूंना बघितलं. मग गेली.

त्या दिवसापासून मास्तर बाहेर बघतच हिंडू लागले. इतकी वर्षं याच रस्त्यांवरून फिरले होते, पण कुणाचे तरी पाय आणि हात बघत. घड्याळाच्या दुकानाच्या जागी कधीचं पुस्तकांचं दुकान आलं होतं. एका गच्चीत एक म्हातारी रोज त्यांच्या गाडीला हात करायची. किती वर्षं करत होती कोण जाणे.

*

तेराव्या दिवशी लेकीला घ्यायला ते इस्पितळात थोडे लवकर पोचले. लांबच लांब खोलीत दोन समांतर दांड्यांच्या मध्ये एक जाडजूड गृहस्थ उभे होते, घामाघूम. समोर खारू. तिचे हात मोकळे, पण त्यांच्यापासून वीतभरच लांब.

"पाच पावलं ठरली होती, काका. चार झाली."

"दुखतंय गं."

"दुखणारच. पाचवं."

"उद्या सहा टाकतो. शप्पथ."

"उद्याचं उद्या. आत्ताचं पाचवं."

"तू फार दुष्ट आहेस, माहितेय? तुझ्या बापानं तुला..."

"माझ्या बापाचं नंतर बघू. पाय खरडत आणू नका, उचला. गुडघ्यातून. हं."

गृहस्थ डोलले. दारातल्या मास्तरांच्या तोंडात 'पडला!' येऊन बसला. खारू हलली नाही. काकांनी पाय उचलला आणि टाकला.

"झालं," ती म्हणाली. "बसा आता. आणि मला काय म्हणायचं ते म्हणा."

गाडीत बसल्यावर मास्तरांनी निघायच्या आधी पाटीवर लिहिलं: 'तू माझ्याहून कडक आहेस.'

"आहेच," खारू पट्टा लावत म्हणाली. "पाचवं पाऊल मी सोडत नाही कुणाला. पण पाय खरडला तर पायाबद्दल बोलते, बाबा. माणसाला दगड म्हणत नाही."

मास्तरांनी पाटी पुसली. पेन्सिल खिशात टाकली.

दोनच दिवसांनी चहाच्या टपरीवर त्यांना त्यांचा एक जुना शिष्य भेटला. आता शहराची मोठी बस चालवायचा. पाटी बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"मास्तर! तुमचा आवाज गेला? अहो, त्या आवाजावर माझं घर चाललंय! सोळा वर्षं झाली, बसला ओरखडा नाही. अजून कानात असता तुम्ही. कुणी आडवं आलं की 'मुसळं आहेत का' ऐकू येतं आणि पाय आपोआप जातो."

मास्तरांची छाती जरा फुगली. बघा म्हणावं. काढलंय की नाही माणूस तयार करून?

"फक्त एक आहे," शिष्य चहात बघत म्हणाला. "हसू नका. ब्रेक लावताना अजून बाजूला बघतो मी. तुम्ही बसायचात तिकडे. आता तिकडे बसचं दार. परवा दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांना वाटलं, हा प्रत्येक थांब्याला माझ्याकडेच बघतोय. उतरून तक्रार केली हो त्यांनी! साहेबांना काय सांगू? मी बाईंकडे नाही, माझ्या मास्तरांकडे बघत होतो?"

मास्तर हसले. आवाज न करता हसायची सवय नव्हती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. निदान शिष्याला तरी तसंच वाटलं.

*

एकविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. "खसखशीएवढ्या राहिल्यात. ऑपरेशन नको. बोला आता, पण हळू."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. काय बोलावं? तीन आठवडे हजार गोष्टी साठल्या होत्या. बाहेर एकच शब्द आला. "बरं."

बायकोनं डोळे टिपले. "आला की हो परत! तसाच आहे."

जिन्यात येताच मास्तर थांबले. "अगं, खारूला सांगू नकोस."

"आं? तिला तर आधी सांगायला हवं. किती काळजीत होती पोर."

"सांगितलं तर उतरेल ती. अजून सात दिवस आहेत. चढावर गाडी धरून ठेवणं जमलेलं नाही नीट."

"म्हणजे मला पोटच्या पोरीशी खोटं बोलायला लावताय."

"खोटं बोलायला कुठे? गप्प बसायला. मला जमलं, तुला जमेल."

"तुम्हाला डॉक्टरनं लावलं होतं," बायको पुटपुटली. पण गप्प बसली.

आवाज नसताना गप्प बसणं सोपं होतं, हे मास्तरांना आता कळलं. आता प्रत्येक वळणावर शब्द जिभेवर येऊन शेपटी हलवत बसायचे. ते हात मांड्यांखाली दाबत, मान काचेकडे फिरवत, पोटरी आखडून घेत. एकदा दारात बोट चेमटलं, तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून सगळं ओरडणं गिळून टाकलं. खारूनं कौतुकानं बघितलं. "बाबा, तुम्ही तर साधूच झालात."

चाचणीच्या आदल्या दिवशी शेवटचा फेरा होता. खारूनं गाडी उतारावर घेतली. तोच उतार. खाली वळणावर तीच भिंत, चित्रकलेच्या सरांची. इथे मास्तर शिकाऊ माणसांना नेहमी सगळ्यात मोठ्यानं ओरडायचे.

मास्तर बाजूच्या काचेतून बघत होते म्हणून त्यांनाच आधी दिसलं. गल्लीच्या तोंडातून एक शिडी बाहेर येत होती. लांबच लांब, आडवी. शिडी खांद्यावर घेतलेला रंगारी अजून भिंतीआडच होता, त्याला काहीच दिसत नव्हतं. शिडीचं टोक रस्त्यावर आलं.

घशाच्या तळापासून तो जुना आवाज उठला. तीस वर्षांचा, पूर्ण ताकदीचा. दातांपर्यंत आला. पाय ब्रेककडे निघाला.

आणि पायाखालचा ब्रेक त्यांचा पाय पोचायच्या आत आपणहून खाली गेला.

गाडी थांबली. धक्का न देता. इंजिनही बंद पडलं नाही, क्लच वेळेवर दाबलेला होता. शिडी बॉनेटपासून दोन हातांवरून सरकत गेली, तिच्यामागून रंगारी आला, गाडी बघून दचकला, आणि ओशाळं हसून पलीकडे गेला.

"दिसली तुला!" मास्तर म्हणाले.

हळूच म्हणाले. पण म्हणाले.

खारू समोर बघत होती. तिची मान सावकाश वळली. "बाबा?"

मास्तरांनी घाईघाईनं पाटी धरली, जणू अजून काही वाचवता येईल.

"केव्हापासून?"

"...शनिवारपासून."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

खारूनं हातब्रेक ओढला. किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. किल्ली आता समोर ठेवली जाणार, दार उघडणार, आणि उद्याची चाचणी, ती फिरती गाडी, सगळं या उतारावर राहणार. करार करारच होता. मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

"सहा दिवस गप्प का बसलात?"

"बोललो असतो तर तू उतरली असतीस." मग, आता घाबरण्यासारखं राहिलंच काय होतं, म्हणून ते पुढे बोलत राहिले. "चौकातली ती गोष्ट मी लोकांना विनोद म्हणून सांगतो. ती मी सांगणार नाही यापुढे. तू दगड नव्हतीस. तू पाचव्या दिवशी शिकणाऱ्या कुठल्याही माणसासारखी होतीस. मला भीती वाटत होती. भीती वाटली की मला तेवढं एकच करता येतं."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग तिच्या मागचीनं.

"भोंगे वाजतायत, बाबा," खारू म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता.

"वाजू देत. भोंग्यांचं काय ऐकायचं."

खारूच्या तोंडून अर्धं हसू, अर्धा हुंदका असं काहीतरी निघालं. किल्ली अजून तिच्या हातातच होती. तिनं ती फिरवली. उतारावर गाडी धरून ठेवत, सावकाश, हातब्रेक सोडला.

*

चाचणी घेणाऱ्या बाई काटक आणि कमी बोलणाऱ्या होत्या. खारूला घेऊन गेल्या तेव्हा मास्तर आणि बायको कुंपणाबाहेर उभे राहिले. मास्तरांनी कुंपणाची तार इतकी घट्ट धरली होती की तळहातावर चौकोन उमटले.

"तुम्हीच शिकवलंय ना, मग एवढं काय?" बायको म्हणाली.

"म्हणूनच तर."

पाऊण तासानं गाडी परत आली. खारू उतरली, आणि लांबूनच तिनं दोन्ही हात वर केले. बायको पळतच सुटली. मास्तर मात्र जागीच थांबले. ते कुंपणाला टेकून नुसते श्वास घेत राहिले.

बाई कागदावर सही करत त्यांच्यापाशी आल्या. "ही तुमच्याकडची?"

"माझी मुलगी."

"ते नाही विचारलं. तुमच्या शाळेची माणसं मी लगेच ओळखते. ब्रेक लावायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात. कित्येकांना त्यासाठीच दोनदा बोलावलंय." त्यांनी कागद फाडून दिला. "हिनं एकदाही बघितलं नाही. आरशात बघत होती. काय बदललंत?"

"घसा बसला होता," मास्तर म्हणाले.

परत जाताना खारू चालवत होती, बाजूला मास्तर, मागे आई. उद्यापासून कुणाकुणाला कळवायचं याची यादी आई मोठ्यानं करत होती. मध्येच ती थांबली.

"आणि काय हो, शाळा सोमवारी उघडणार ना? त्या बँकेतल्या कारकुनाचे दोन निरोप आलेत."

"उघडणार."

"ओरडणार?"

मास्तरांनी विचार केला. त्यांना बसवाला आठवला, ज्याच्या बसला ओरखडा नव्हता. चित्रकलेचे सर आठवले. सरांवर ओरडलो असतो तर खुबा वाचला असता का? तीस वर्षं ते हो म्हणत आले होते. पण भिंतीला गाडी भिडली तेव्हा सर एकटे होते, आणि बाजूला बघायला कुणी नव्हतं.

"सांगता येत नाही," ते खरं ते बोलले. "सवय फार जुनी आहे. पण आधी हात मांड्यांखाली ठेवून बघीन."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. गच्चीतल्या म्हातारीनं हात केला, मास्तरांनीही केला. मग मास्तर चुळबुळले. खाकरले. मान काचेकडे फिरवली, पुन्हा आणली.

"बोला, बाबा," खारू समोरची नजर न काढता म्हणाली. "आता मी नाही उतरत. परवाना माझ्याकडे आहे, तुम्हालाच उतरवीन."

"काही नाही गं. चांगलं चाललंय." ते घुटमळले. "मगाचच्या वळणापासून इंडिकेटर चालूच राहिलाय, तेवढंच."

खारूनं बोट लावलं. टिकटिक थांबली.